मॉरिशसची हिरवळ

हिरवें दिसलें कीं निसर्ग दिसला, अशी सहलीस निघालेल्या मंडळींची समजूत असते. मॉरिशस बेटावर ती फारच सहज पटते. रत्नागिरी जिल्ह्याच्या चतुर्थांशाहूनही लहान असें हें बेट उंसाच्या मळ्यांनीं हिरवेंगार दिसतें. परंतु तेथील मूळच्या अस्सल अरण्यापैकीं आज शेंकडा दोन भागही उरलेला नाहीं. हें जाणून जो तेथें जाईल, त्यास तें बेट अधिक चांगलें दिसेल, असें आम्हांस वाटतें. म्हणून या खेपेस तेथील दोन स्थळांविषयीं लिहीत आहों.

पहिलें स्थळ पाम्प्लेमूस येथील वनस्पति-उद्यान. फ्रेंच अमलांत प्येर प्वाव्र नांवाच्या अधिकाऱ्यानें तें १७७० च्या सुमारास नांवारूपास आणलें. जायफळ व लवंग यांचा व्यापार तेव्हां डच लोकांच्या मुठींत होता. त्यांच्या ताब्यांतील मोलुक्का बेटांतून हीं रोपें प्वाव्रनें गुपचूप आणविलीं. घरच्या मसाल्याच्या डब्यांतील दोन जिनसांसाठीं केवढीं राजकारणें झालीं, हें मुलांस सांगण्यास ही जागा उत्तम. तळ्यांत ॲमेझॉनकडील कमळें आहेत. त्यांचीं पानें उभ्या कांठाच्या परातीसारखीं, दीड-दोन मीटर रुंद होतात. फूल पहिल्या सायंकाळीं पांढरें उमलतें व दुसऱ्या सायंकाळीं गुलाबी होतें. ज्याच्या पानांवर दक्षिणेंत पोथ्या लिहीत, तो श्रीताडही येथें आहे. तो तीस ते ऐंशी वर्षांनीं एकदांच फुलतो आणि फळें देऊन मरतो. लावणारा एक, पाहणारा दुसरा!

तथापि या उद्यानांतील बहुतेक वृक्ष पाहुणे आहेत. तसे आपले लोकही. १८३४ पासून उंसाच्या मळ्यांसाठीं हिंदुस्थानांतून करारबंद मजूर जाऊं लागले. पुढें त्यांत कोंकणांतील मराठी कुटुंबेंही होतीं, आणि त्यांचे वंशज आजही तेथें गणेशचतुर्थी साजरी करतात. शेतांमध्यें काळ्या दगडांचे ढीग दिसतात, ते या मजुरांच्या हातांनीं उपसलेले. मळ्यांची ती हिरवळ निसर्गाची नव्हे, श्रमाची आहे. तिला त्याच भावनेनें पाहावें.

बेटाचें मूळ रूप पाहावयाचें तर माएबूर गांवाजवळून नावेनें ‘ईल ओ एग्रेत’ या २६ हेक्टरांच्या चिमुकल्या बेटावर जावें. १५९८ मध्यें डच खलाशी मॉरिशसला उतरले. पुढें शंभर वर्षांच्या आंतच शिकार आणि जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरें व माकडें यांच्या पायीं डोडो पक्षी नामशेष झाला. आबनूसाचीं झाडें तोडलीं गेलीं. एग्रेत बेट १९६५ मध्यें राखीव झालें. नंतर तेथील उंदीर नाहींसे करून देशी झाडें पुन्हां लावण्यांत आलीं. १९९० च्या सुमारास मोकळ्या रानांत गुलाबी कबुतरें अवघीं दहाच्या आंतबाहेर उरलीं होतीं. आतां तीं कांहीं शें आहेत. मॉरिशसचीं स्वतःचीं महाकाय कासवें तर केव्हांच संपलीं. म्हणून त्यांच्या जागीं २००० मध्यें अल्डाब्राचीं कासवें सोडलीं. तीं आबनूसाचीं फळें खातात, आणि त्यांच्या पोटांतून गेलेलें बीं अधिक चांगलें रुजतें. असा माळी कोणत्या बागेंत मिळेल?

हें सारें किती नाजूक आहे, तें २०२० मध्यें कळलें. जवळच्या प्रवाळांवर एक मोठें मालवाहू जहाज रुतून तेल सांडलें, तेव्हां दुर्मिळ पक्षी व रोपवाटिकेंतील रोपें तांतडीनें हलवावीं लागलीं.

उद्यानांतील वाटा सपाट आहेत, त्यामुळें वडील मंडळींसही त्रास होत नाहीं. मात्र सकाळीं लवकर जावें. एग्रेत बेटावर वाटाड्याबरोबरच हिंडावें लागतें. निघण्यापूर्वीं जोडे झटकावे, फळांच्या बिया कोठेंही टाकूं नयेत. बाहेरून आलेल्या चिनी पेरूनें तेथील उरलेंसुरलें अरण्य गुदमरवून टाकलें आहे. आणि येतांना मुलांच्या खिशांत शिंपला वा बीं नाहीं ना, एवढें मातांनीं अवश्य पाहावें.