कोणत्या कपाटात?

जेफ डायर यांचे जॅझवरील ‘बट ब्यूटिफुल’ (१९९१) कथा की समीक्षा, हा प्रश्न आम्हा मानपाड्याच्या वाचकांना परका नाही. अरुण खोपकरांच्या ‘चलत्-चित्रव्यूह’ला २०१५चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तो आठवणींचे पुस्तक म्हणून. पण तिथे आठवण निमित्तमात्र. माणसांविषयी बोलता बोलता खोपकर पाहण्या-ऐकण्याचीच मीमांसा करून जातात. (दिग्दर्शकाचा डोळा, दुसरे काय!) गुरू दत्तवरील त्यांच्या १९८५च्या पुस्तकाला निदान चित्रपटविषयक म्हणून राष्ट्रीय पुरस्कार तरी मिळाला. एरवी अशा लेखनाला ‘ललित’ म्हणून आपण मोकळे होतो, नि समीक्षेच्या तासाला ते वर्गाबाहेरच राहते. विद्यार्थी मग समीक्षा म्हणजे परिभाषा एवढेच शिकतो. आमच्या मते ‘चलत्-चित्रव्यूह’ समीक्षेच्याच कपाटात हवे, तेही हाताशी येणाऱ्या खणात.