पन्हाळी पत्रा आणि कॉफीचे दुकान

आपल्या डोक्यावर नाही तर शेजाऱ्याच्या, निदान गोदामाच्या नाहीतर रेल्वेच्या फलाटाच्या डोक्यावर हमखास सापडणारी वस्तू म्हणजे पन्हाळी पत्रा. उन्हाळ्यात तो भाजतो, पावसाळ्यात ताशा वाजवितो आणि वारा सुटला की उडून दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतो. हा काढला कोणी, हे मात्र आपण कधी विचारीत नाही. हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १८२९ साली त्याचे पेटंट घेतले. पण वाचकहो, आज मला सांगायचे आहे ते या गृहस्थाच्या दुसऱ्याच उद्योगाविषयी. पत्र्याच्या अकरा वर्षे आधी त्याने एक संस्था काढली होती आणि पत्र्यासारखीच तीही अजून टिकून आहे.

संस्था काढण्यात आपण मराठी माणसे कोणाला हार जाणार नाही. चार टाळकी जमली की तीन संस्था निघतात. आधी अध्यक्ष ठरतात, मग रबरी शिक्का होतो, मग उद्घाटनाला मंत्री कोण मिळतात याचा शोध सुरू होतो. संस्था कशासाठी काढली हा विषय पहिल्या वार्षिक सभेपर्यंत तहकूब. पामरने हे सारे उलट्या क्रमाने केले.

२ जानेवारी १८१८. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटवर केंडल कॉफी हाऊस नावाचे दुकान होते. तेथे काही तरुण पोरे जमली. पोरेच म्हणायची, कारण म्होरक्या पामर स्वतः जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा. त्याच्याबरोबर जोशुआ फील्ड होता, मॉड्स्ले या नामांकित यंत्रकारखान्यात काम करणारा. सगळी मिळून आठ माणसे या संस्थेची संस्थापक म्हणून ओळखली जातात. कोणाकडे पदवी नव्हती. असणार कोठून? त्या काळच्या इंग्लंडात इंजिनिअरिंग शिकविणारे कॉलेजच नव्हते. जो तो कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करून, डोळ्यांनी पाहून आणि हात भाजून घेऊन शिकला होता.

पोरांची अडचण साधी होती. इंजिनिअर मंडळींचा एक क्लब लंडनमध्ये आधीच होता. १७७१ साली जॉन स्मीटन या थोर माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो स्थापन केला होता. लष्करी इंजिनिअरांहून आपण वेगळे, हे सांगण्यासाठी स्वतःला ‘सिव्हिल’ म्हणवून घेणारा हाच तो स्मीटन. परंतु हा क्लब होता जाणत्या, प्रस्थापित मंडळींचा. एकत्र जेवावे, गप्पा माराव्यात आणि घरी जावे, असा त्याचा एकंदर थाट. नवशिक्याला तेथे कोण विचारतो? आणि नवशिक्याला तर विचारायचे होते पुष्कळ. पाया खचतो तो का, बाष्पयंत्राचा जोर मोजायचा कसा, हे त्याने कोणाला विचारावे? ज्याला ठाऊक तो सांगत नसे, कारण ठाऊक असणे हेच त्याचे भांडवल. पामरचे म्हणणे असे की, इंजिनिअर हा शास्त्रज्ञ आणि कारागीर यांच्यामधला दुभाष्या आहे. त्याला दोन्ही भाषा यायला हव्यात. आणि त्या शिकायच्या तर एकमेकांपासूनच.

म्हणून निघाली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स’. नाव भारदस्त, पण सभासद मूठभर. दोन वर्षे झाली तरी गाडी पुढे सरकेना. संस्था तेव्हाच बुडायची, आणि बुडाली असती तर कोणाला कळलेही नसते. पण १८२० साली पोरांना एक शहाणपण सुचले. पामर त्या सुमारास टॉमस टेलफर्डच्या हाताखाली काम करीत होता. टेलफर्ड म्हणजे त्या घडीचा सर्वांत मोठा पूल आणि कालवे बांधणारा माणूस, वय बासष्ट. त्यालाच अध्यक्षपद घ्या म्हणून विनविले आणि त्याने ते घेतले.

हा टेलफर्ड स्कॉटलंडमधल्या एका मेंढपाळाचा मुलगा. तो काही महिन्यांचा असतानाच बाप वारला. पुढे पोरगा पाथरवटाकडे राहिला आणि छिन्नी-हातोडा घेऊन दगड घडविता घडविता इंजिनिअर झाला. अशा माणसाला अध्यक्षाची खुर्ची दिली म्हणजे तो हारतुरे घेऊन स्वस्थ बसणार नाही, हे उघडच आहे. या वेळी मेनाई सामुद्रधुनीवरच्या प्रचंड झुलत्या पुलाचे काम त्याच्या अंगावर होते. तरी त्याने संस्थेकडे लक्ष दिले, आणि तेही दोन अगदी साध्या गोष्टींवर. एक, प्रत्येक सभासदाने संस्थेला स्वतःचे काहीतरी द्यायचे: लेख, नकाशा, एखादा नमुना. दुसरी, बैठकीत जे बोलणे होईल ते टिपून ठेवायचे. म्हणजे एकाने खाल्लेली ठेच दुसऱ्याने पुन्हा खायला नको. परदेशांत अशा संस्था सरकार काढते आणि सरकारच चालविते, आपली मात्र सभासदांच्या वागणुकीवर आणि मेहनतीवर तरणार आहे, असे त्याने पहिल्याच भाषणात बजावले होते. सरकारी अनुदानाचा अर्ज टाईप करीत बसलेल्या आमच्या चिटणीसांना हे भाषण कोणीतरी वाचून दाखवावे.

१८२८ साली संस्थेला राजाची सनद मिळाली. सनदेसाठी ‘सिव्हिल इंजिनिअरिंग म्हणजे काय’ याची व्याख्या हवी होती. ती लिहून दिली टॉमस ट्रेडगोल्डने. निसर्गातल्या महान शक्ती माणसाच्या उपयोगाला आणि सोयीला लावण्याची कला, असा तिचा आशय. व्याख्याकार मूळचा सुतार. टेलफर्ड १८३४ साली वारला तो अध्यक्षपदावर असतानाच. आपली पुस्तके आणि दोन हजार पौंड तो संस्थेला ठेवून गेला.

आणि तरीही, पुढे याच संस्थेविषयी कुजबुज सुरू झालीच. १८४७ च्या जानेवारीत बर्मिंगहॅमला यंत्रवाल्यांनी आपली वेगळी चूल मांडली. तिचा पहिला अध्यक्ष आगगाडीवाला जॉर्ज स्टीफन्सन, ज्याला अठराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. जुन्या संस्थेने प्रवेशासाठी त्याच्याकडे निबंध मागितला, म्हणून तो रागावला आणि ही नवी निघाली, अशी गोष्ट सांगतात. इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. मला मात्र तिच्यात एक ओळखीचा वास येतो. दार आपल्यासाठी उघडले की मागच्या माणसासाठी ते लावून घेण्याची घाई कोणाला होत नाही?

आपल्याकडे ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ची नोंदणी झाली १९२० साली, मद्रासला. पुढच्या फेब्रुवारीत कलकत्त्यास व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि १९३५ मध्ये सनदही आली. हा सगळा थाट वरचा. खालच्या माणसाला ठाऊक होती ती तिची परीक्षा, ए.एम.आय.ई. दिवसा नोकरी करायची, रात्री अभ्यास करायचा आणि पास झाले की पदवीधराच्या शेजारी खुर्ची मागायची. सरकारी नोकऱ्यांत ती अनेक वर्षे पदवीच्या बरोबरीची मानली गेली. कॉलेजची फी न परवडलेल्या किती ओव्हरसियरांनी आणि ड्राफ्ट्समननी तिच्या पायी डोळे फोडून घेतले असतील!

आमच्या चाळीत असे एक गृहस्थ होते. खोलीत तीन मुले, म्हणून अभ्यास गॅलरीत, आणि गॅलरीवर अर्थातच पन्हाळी पत्रा. पावसाळ्यात त्या ताशापुढे स्वतःचेच वाचणे ऐकू येत नसे, तेव्हा ते ओरडून वाचीत आणि सगळ्या मजल्याला तुळयांवरचे भार पाठ होत. दोनदा नापास झाले. तिसऱ्या खेपेला निकाल आला तेव्हा त्यांच्या पत्नीने घरोघर पेढे दिले. इंजिनिअर म्हणजे काय ते आम्हां मुलांना कळत नव्हते, पण पेढे काका हलवायाकडचे नसून घरी केलेले आहेत, एवढे कळले.