कुंपण न जुमानणारी झाडं

कोकणातल्या चौल-रेवदंड्याच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांना लागून आता सुट्टीच्या बंगल्यांच्या बागा उभ्या राहत आहेत, आणि अशा बागांत जमीन झाकायला वेडेलिया हमखास सुचवला जातो. पिवळी फुलं, बारमाही हिरवाई, निगा जवळजवळ नाहीच. धोका नेमका त्यातच आहे. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती पेरापेराला मुळं धरते. छाटून ओहोळाकाठी फेकलेला तुकडाही रुजतो. वाडीतली शिंपण्याची ओल तर तिला हवीच असते. जगातल्या शंभर अतिउपद्रवी आक्रमक प्रजातींच्या, आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती आहे, घाणेरी आणि जलपर्णीही आहेत. या दोघीही आपल्या देशात आल्या त्या शोभेसाठीच. आज घाणेरी चराऊ रानं व्यापते, आणि तिचा पाला गुरांना विषारी असतो.

यावर कोणी म्हणेल, परक्या झाडांना नाकं मुरडायची तर मिरची आणि पपईही उपटा. अमेरिकेतली मिरची इकडे आणणारे पोर्तुगीज 1740 पर्यंत जिथे नांदले, त्या चौलला हे कोण सांगणार? आक्षेप रास्त आहे. देवळापुढचा पांढरा चाफासुद्धा अमेरिकेचाच. पण त्याला आपल्याकडे शेंगा क्वचितच धरतात. माणसाने फांदी लावली तरच तो पुढे जातो. म्हणून झाड कुठून आलं यापेक्षा ते आपणहून कुठवर जातं, हे पाहावं. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या 2023च्या अहवालानुसार माणसाने जगभर पसरवलेल्या 37,000 परक्या प्रजातींपैकी सुमारे 3,500 घातक आहेत. म्हणजे टाळायची झाडं थोडीच. पण ती एका बागेतून सुटली की उपटण्याचे कष्ट शेजारच्या वाडीवाल्याच्या माथी येतात. तिथे ‘माझ्या एका कुंडीने काय होतं’ हा युक्तिवाद टिकत नाही.

घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती येतात मधासाठी. अळ्यांना त्यांचं ठरावीक झाडच लागतं. आपलं राज्य फुलपाखरू, नीलवंत, अंडी घालतं ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. तेव्हा कागदी लिंबू लावावं, कुंपणाला करवंद किंवा निरगुडी, सावलीला बकुळ, सुरंगी, उंडी. रोपवाटिकेत भावाआधी विचारावं: याचं बी पक्षी नेतात का, तुकडा रुजतो का? लावलेला वेडेलिया पावसाआधी मुळांसकट काढावा, उन्हात पुरता वाळवावा, आणि ओला असताना ओहोळात तर मुळीच टाकू नये.