शाल, श्रीफळ आणि विस्मरण : पुरातत्त्वातील स्वयंसेवकांचा खरा सन्मान कोणता?

१/ कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. ज्यांनी या शिल्पांचा पद्धतशीर शोध घेतला, त्यांतील अनेकांचा पुरातत्त्व हा पेशाच नव्हता. अशा स्वयंसेवकांचे सत्कार पुष्कळ होतात. परंतु सत्कार म्हणजे सन्मान नव्हे. #धागा

२/ रत्नागिरीचे सुधीर रिसबूड व्यवसायाने अभियंता. धनंजय मराठे, प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई आणि 'निसर्गयात्री'चे सहकारी यांच्यासह त्यांनी गावोगावचे सडे पालथे घातले. काही मोजकी शिल्पे पूर्वीही ज्ञात होती. या शोधानंतर नोंदलेल्या आकृत्यांची संख्या हजारापलीकडे गेली.

३/ हे काम ग्रंथालयात बसून होण्यासारखे नव्हते. ही शिल्पे भिंतीवर नसून जांभ्याच्या उघड्या सड्यावर, पायांखाली कोरलेली आहेत. पावसाळ्यात गवत माजते, खाचांत माती साचते आणि कशेळीच्या अवाढव्य हत्तीवरूनही माणूस नकळत चालत जातो. शिल्प नेमके कोठे आहे, हे गुराख्याला आणि शेतकऱ्याला ठाऊक असते. गोव्यातील कुशावतीकाठची पणसायमळची शिल्पेही १९९३ मध्ये अभ्यासकांपुढे आली, ती गावकऱ्यांनी सांगितल्यामुळे.

४/ आता अहवालांची भाषा पाहा. 'शिल्प आढळले', 'स्थळ उजेडात आले'. कोणाला आढळले? कोणी उजेडात आणले? अशा वाक्यरचनेत कर्ता लुप्त होतो आणि उरतो तो केवळ 'स्थानिक ग्रामस्थ'. विद्वानाला नाव असते, वाटाड्याला फक्त गाव असते. ही विनम्र भाषा नव्हे. हा श्रेयाचा अपहार आहे.

५/ याहून मोठी विसंगती कायद्यात आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेले धन सापडले आणि त्यावर अन्य कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा ठरतो. म्हणजे हंडा शोधणाऱ्याला परकीय सरकारनेही हक्कदार मानले. सड्यावरची प्राचीन रेघ शोधणाऱ्याच्या वाट्याला मात्र व्यासपीठावरचा एक नारळ.

६/ यावर आक्षेप ठरलेला आहे : हौशी मंडळी नुकसान करतात. तो खोटा नाही. छायाचित्र उठून दिसावे म्हणून खाचांत खडू भरणारे आहेत, वीरगळांना तैलरंग फासणारे आहेत, गडावरच्या जुन्या बांधकामावर सिमेंट थापणारेही आहेत. भक्ती आणि शिस्त या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

७/ परंतु या आक्षेपातून निष्कर्ष उलटा निघतो. ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही, त्याला जबाबदार कसे धरणार? वस्तू जागची हलवू नये, मोजमाप व छायाचित्र घ्यावे, विभागाला कळवावे आणि परवान्याविना कुदळ मारू नये, ही शिस्त पाळणाऱ्याला श्रेय मिळाले, तरच इतरांनाही ती पाळावीशी वाटेल.

८/ मग सन्मान कोणता? स्थळाच्या अधिकृत नोंदीत आणि फलकावर, प्रथम माहिती देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने असावे. संशोधन लेखात आभारांच्या तळटीपेऐवजी योगदानानुसार सहलेखकत्व मिळावे. संवर्धनाचे निर्णय होतात त्या बैठकीत स्वयंसेवकाला आणि जमीनमालकाला जागा असावी. प्रवास व नोंदणीचा खर्च मिळावा. शाल यानंतर अवश्य पांघरावी.

९/ यात केवळ मानापमान नाही. चिरेखाणी, रस्ते आणि बांधकामे सडा झपाट्याने गिळत आहेत. २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा तेथील कातळशिल्पांचे काय, हा प्रश्न विचारता आला. कारण त्यांची नोंद आधीच झाली होती. ज्याची नोंदच नाही, त्याच्या नाशाचा पंचनामाही होत नाही.

१०/ शासनाचा कर्मचारी प्रत्येक सड्यावर उभा राहू शकत नाही. तेथे रोज जाणारी माणसे आहेत, म्हणून वारसा शिल्लक आहे. कातळावर रेघ कोरणाऱ्याचे नाव कायमचे हरवले आहे, त्याला इलाज नाही. ती रेघ पुन्हा शोधणाऱ्याचे नावही हरवले, तर तो दोष काळाचा नसेल. नोंद ठेवणाऱ्यांचा असेल.