तपासणीची पंधरा मिनिटे

२६ जुलै २०२५ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ घाट उतरणाऱ्या एका कंटेनरने पुढच्या वीसेक वाहनांना एकामागून एक धडक दिली आणि त्यात एका स्त्रीचा बळी गेला. कारण म्हणून दोन शब्द प्रसिद्ध झाले : ब्रेक निकामी. अशा प्रत्येक अपघातानंतर हे दोन शब्द असे लिहिले जातात, की जणू वीज कोसळावी तसा ब्रेक आपल्या मर्जीने निकामी होतो आणि त्यामागे कोणाचाही हात नसतो.

वस्तुतः ब्रेक एका क्षणात क्वचितच जातो. लायनर महिनोन्‌महिने झिजत असतो. मोटारीच्या ब्रेक ऑइलमध्ये हवेतील ओलावा हळूहळू मुरतो आणि ते तेल पूर्वीपेक्षा कमी उष्णतेला उकळू लागते. घाटात पाय सतत पेडलवर राहिला की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल मऊ पडते. म्हणूनच ते तेल साधारणतः दोन वर्षांनी बदलावे असे सांगतात. मालमोटारीच्या हवेच्या ब्रेकची कथा थोडी वेगळी : तेथे टाकीत पाणी साचते, रबरी नळीला बारीकशी गळती लागते. यांपैकी बहुतेक गोष्टी पाहणाऱ्याला आधी कळू शकतात. परंतु पाहण्यास वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, हा प्रश्न यांत्रिकी नसून अर्थशास्त्रीय आहे.

पनवेल तालुक्यातील ओवे गावाच्या संदर्भात तो नीट समजतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांत ओवे होते. खारघरची वसाहत या परिसरातील भातखाचरांवरच उभी आहे. जानेवारी १९८४ च्या जासईच्या लढ्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मार्गी लागले. जमीन गेलेल्या घरांतील तरुणांपुढे जे मोजके धंदे उरले त्यांत वाहनाचा धंदा मोठा होता. कोणी टेम्पो घेतला, कोणी डंपर, कोणी शाळेच्या मुलांची व्हॅन, तर कोणी कर्ज काढून टॅक्सी. एका अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे कळंबोलीचा लोखंड बाजार आणि पलीकडे न्हावा-शेवा बंदराचा रस्ता, अशा ठिकाणी चाकावर पोट असणे ओघानेच आले. २०१६ साली गाव पनवेल महानगरपालिकेत गेले, १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर–पेंधर मेट्रोही या भागातून धावू लागली. तरी माल मात्र टायरवरूनच जातो.

बैलगाडीच्या काळात आखाला वंगण घातल्यावाचून शहाणा शेतकरी गाडी जुंपीत नसे. तो काही यंत्रशास्त्र शिकलेला नव्हता. गाडी त्याची होती, बैल त्याचे होते आणि सकाळची ती घटकाही त्याचीच होती, एवढाच त्याचा अर्थ. आज वाहन एकाचे, कर्ज बँकेचे, चालक दुसरा आणि वेळ तिसऱ्याच कोणाचा, अशी विभागणी झाली आहे. निगा नेमकी या फटीत पडून हरवते.

ही निगा म्हणजे फार मोठे काही नव्हे. इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी व तेलाची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे पाहावे. कूलंट बाहेरच्या टाकीतूनच दिसते. गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याच्या घाईने हात भाजून घेऊ नयेत. ब्रेक ऑइलची पातळी एकाएकी उतरली असेल तर वरून तेल ओतून भागत नाही, गळती तरी आहे किंवा पॅड झिजले आहेत. टायरमधील हवा गाडी धावण्यापूर्वी मोजावी, कारण धावून तापलेल्या टायरचा आकडा फसवा असतो. किती हवा भरावी ते बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलेच असते. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी राहिली की तो टायर नियमानेच बाद ठरतो. कोकणच्या पावसात हा आकडा पुस्तकी राहत नाही. साचलेले पाणी बाहेर फेकण्यास नक्षीत खोलीच उरली नाही, तर गाडी रस्त्यावर नव्हे, पाण्यावर चालते आणि सुकाणू नावापुरते हाती राहते. स्टेपनीत हवा आहे की नाही हे पंक्चर झाल्यावर पाहण्याची आपली राष्ट्रीय परंपरा आहे. वायपर, दिवे, मागचा लाल दिवा, गाडीखाली जमिनीवर पडलेला तेलाचा डाग, हे सर्व मिळून पंधरा मिनिटांचे काम.

खारघरच्या गृहसंकुलांत यातील विरोधाभास उघड दिसतो. तेथील मोटारी रोज पहाटे पुसल्या जातात. अल्प मासिक मोबदल्यावर एक मनुष्य काळोखात एकामागून एक गाड्या चकाकवून जातो. जमिनीवरचा तेलाचा डाग त्याच्या दृष्टीस पडतो, बसलेला टायरही त्यालाच आधी दिसतो. पण त्याला ते कोणी विचारीत नाही आणि सांगण्याचे पैसेही त्याला मिळत नाहीत. मालक वर्षातून एकदा गाडी सर्व्हिसिंगला देतो आणि निश्चिंत होतो. खासगी मोटारीला नोंदणीपासून पंधरा वर्षे सरकारी यांत्रिक तपासणी नाही. पीयूसीचे प्रमाणपत्र धुरापुरते असते, ब्रेकशी त्याचा संबंध नाही. म्हणजे या काळात तपासणी सर्वस्वी मालकाच्या सदिच्छेवर सोपविलेली आहे.

तथापि सदिच्छेचा हा उपदेश टॅक्सीवाल्याला करताना अर्थशास्त्राचा एक प्राथमिक धडा विसरता कामा नये. ज्याची गाडी कर्जाची आहे तो दिवसअखेर हाती आलेल्या रकमेतून इंधन आणि हप्ता वजा करतो व उरते त्याला कमाई म्हणतो. घसारा तो मांडीत नाही. भांडवल कसे खाल्ले जाते याचे याहून स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणे कठीण : झिजणारा टायर, जुने होणारे तेल, पातळ होणारा पॅड यांच्यावर त्या घरची चूल पेटत असते आणि बिल एकदम एका दिवशी येते, कधी मिस्त्रीकडे, कधी इस्पितळात. हा त्या माणसाचा अडाणीपणा नव्हे. भाड्याचा दर दुसऱ्याने ठरवायचा आणि त्यात घसाऱ्याला जागा ठेवायची नाही, ही व्यवस्थाच तशी आहे.

मार्क्सने हा प्रश्न पाहिला होता. त्याच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा दुसरा खंड एंगेल्सने १८८५ साली प्रसिद्ध केला. त्यात स्थिर भांडवलाच्या दुरुस्ती-देखभालीची चर्चा आहे. कारखान्यातील यंत्रे पुसण्याचे काम कामगार विश्रांतीच्या वेळात फुकट करतात, पुष्कळदा यंत्र चालू असतानाच करतात आणि अपघातांचे तेच मुख्य कारण होते, असे त्याने नोंदविले आहे. पुढे त्याने रेल्वेच्या इंजिनाचा दाखला दिला. ते धावता धावता साफ करता येत नाही, शेडमध्ये उभेच करावे लागते; म्हणून तेथे ही देखभाल चालू खर्चात धरावी लागते. तात्पर्य, यंत्र थांबविल्यावाचून निगा अशक्य असेल तेथे मालक तिची किंमत मोजतो. जेथे ती कामगाराच्या अंगावर ढकलता येते तेथे ढकलतो. ट्रक आणि टॅक्सी या दुसऱ्या प्रकारात बसविल्या गेल्या आहेत. चालक खेपेवर पैसे मिळवितो, खेपांच्या मधला वेळ बिनपगारी आणि तपासणी त्या मधल्या वेळातली.

आपल्या कायद्याला हे उमगले नव्हते असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने कामाच्या तासांची व्याख्या करताना गाडी धावण्याच्या वेळेबरोबर पूरक कामाचा वेळही त्यात धरला, आणि वाहनाची देखभाल व दुरुस्ती यांचा त्या पूरक कामात स्पष्ट उल्लेख केला. ही तरतूद मोलाची होती. परंतु हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. दोन डंपरांच्या मालकाकडे राबणाऱ्या चालकाला त्याचा स्पर्शही झाला नाही. आता तर तो कायदाच २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत विसर्जित झाला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि मोटार वाहतूक उपक्रमासाठी तिने कामगारसंख्येची मर्यादा पाचावरून दहावर नेली. कामगार कायद्यांच्या सुलभीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी या एका आकड्याचे समर्थन करून दाखवावे.

शिक्षेची तरतूद मात्र शाबूत आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९० असे, की जो दोष माहीत होता किंवा साधारण काळजी घेतली असती तर आढळला असता, अशा धोकादायक दोषासह वाहन चालविणारा आणि ते चालवू देणारा, दोघेही अपराधी. ‘चालवू देणारा’ या शब्दांत मालक येतो. अपघातानंतर गजाआड जाणारा मात्र बहुधा चालकच असतो.

या तुलनेत एस. टी.चा विचार करावा. १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली गाडी धावली तेव्हापासून या संस्थेने देखभाल हे स्वतंत्र, पगारी काम मानले. आगारातील यांत्रिक कामगार, दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा, ही सर्व त्या विचाराची अंगे. एस. टी.च्या गाड्या जुन्या होतात, खडखडतात, त्यांच्या खिडक्या लागत नाहीत, हे सारे खरे. पण चालकाने स्वतःच्या झोपेतून वेळ काढून लायनर तपासावा अशी त्या व्यवस्थेची रचना नाही. भाडेतत्त्वावरील खासगी गाड्यांचा पुरस्कार करणारे खर्चाचा हिशेब मांडतात तेव्हा ही बाब गाळतात.

निगेच्या ज्ञानावरही मालकी सांगितली जाते. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने या कंपन्या बाहेरच्या मिस्त्रीला मिळू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. पण गल्लीतला मिस्त्री का मागे पडला आणि साध्या तपासणीचेही बिल का फुगले, याचे उत्तर त्या निर्णयात पुष्कळसे आहे.

आता चळवळीतील मंडळींना न रुचणारी एक गोष्ट. २०२४ साली राज्यात पासिंगला उशीर झाल्यास दिवसाला ५० रुपये आकारण्यास सुरुवात झाली, रिक्षा-टॅक्सी संघटनांनी विरोध केला आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. दंडाला झालेला हा विरोध रास्तच होता. पण त्या जोशात काही सभांतून तपासणीच नको असा सूर उमटू शकतो आणि तो घातक आहे. गुळगुळीत टायर हा कष्टकऱ्याचा हक्क नव्हे. त्या टायरवर पहिला मरतो तो तोच, आणि दुसरी मरतात ती शाळेच्या व्हॅनमधली मुले, जी बहुधा त्याच वस्तीतली असतात. योग्यतेच्या नियमांप्रमाणे आठ वर्षांपर्यंतच्या व्यापारी वाहनाला दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्याला दरवर्षी तपासणी आहे. ती दोन वर्षांतून एक दिवस होते, उरलेले दिवस कोण पाहणार?

ओवे आणि आसपासच्या गावांतील शाखांना या संबंधात हात घालण्याजोगे काम आहे. महानगरपालिका, सिडको आणि तळोज्यातील कारखाने स्वतः वाहने कंत्राटाने घेतात. त्यांच्या निविदांत प्रत्येक पाळीच्या आरंभी पंधरा मिनिटांची पगारी तपासणी, चालकाच्या सहीची नोंदवही आणि दोष नोंदविल्यामुळे खेप बुडाली तर चालकाची मजुरी न कापण्याची हमी, अशी अट घालण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. तिसरी हमी नसेल तर पहिल्या दोन कागदावरच राहतील, कारण दोष लिहिला की दिवस बुडतो हे प्रत्येक चालक जाणतो. वाहनतळावर एक पिट, एक हवेचा पंप आणि एक पगारी मिस्त्री यांचा खर्च पालिकेला जड नाही. टॅक्सी आणि शाळेच्या व्हॅनच्या मालक-चालकांसाठी हीच सोय नाममात्र दरात मिळावी आणि भाड्याचा दर ठरविताना घसारा वेगळा मांडला जावा, अशी मागणी पावसाळ्यापूर्वी लेखी दिली पाहिजे.