मोठे मूल बाबागाडीत बसले तर बिघडले काय?

दिवाळीच्या सुटीत वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम, पवनारला धाम नदीचा काठ आणि गोपुरीचे गीताई मंदिर माणसांनी फुलून जाते. त्या गर्दीत एखाद्या बाबागाडीत चार-पाच वर्षांचे मूल दिसले की मागून शेरा येतोच, "एवढं मोठं पोट्टं अन् गाडीत बसवलं!" तो त्या मुलाच्या आईला ऐकू जाईल अशा बेतानेच केलेला असतो. बरोबर बाप असला तरी दोष तिच्याच पदरात पडतो.

या शेऱ्यामागे काही आक्षेप आहेत आणि ते मांडणारी माणसे मुलांच्या हिताचेच बोलत असतात. म्हणून ते झटकून न टाकता एकेक तपासले पाहिजेत. माझे मत आधीच सांगून ठेवावे, हे बरे. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी सहलीला बाबागाडी सोबत नेण्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते मुलाला तिच्यात तासन्तास बांधून ठेवणे.

पहिला आक्षेप खास वर्ध्याचा आहे. ही पायी चालणाऱ्यांची भूमी, इथे मुलांना गाडीत कसले बसवता? ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीहून पायी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गेले, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. विनोबा मार्च १९५१ मध्ये सेवाग्रामहून हैदराबादकडे पायी निघाले. परतीच्या पदयात्रेत पोचमपल्लीला भूदानाचा उगम झाला आणि पुढे तेरा वर्षे ती पदयात्रा चालली. या गोष्टींचा अभिमान मलाही आहे. पण ते चालणे हा प्रौढ माणसाने स्वतःशी केलेला संकल्प होता. संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो. चार वर्षांच्या मुलावर तो लादता येत नाही. गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचा दाखलाही इथे दिला जातो. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जी योजना आखली, ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. त्याहून लहान मुलांच्या शिक्षणाचा, म्हणजे पूर्व-बुनियादीचा, स्वतंत्र विचार पुढे १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत झाला. लहान मुलाची गरज मोठ्या मुलाहून वेगळी असते, हे खुद्द नई तालीमने मानलेले आहे.

गांधीजींचे जुहूच्या किनाऱ्यावरचे एक छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते. काठीचे एक टोक त्यांच्या हातात, दुसरे त्यांच्या नातवाच्या हातात आणि नातू पुढे. तिथे वेग ठरवतो आहे तो मुलगा. मुलाला चालवायचे असेल तर ते असे. आपण मात्र पुढे झपझप निघतो आणि मागे रडत येणाऱ्या मुलावर "चल लवकर" म्हणून खेकसतो. याला चालण्याचे शिक्षण म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा. "आमच्या टायमाले कुठं होत्या गाड्या?" गाड्या नव्हत्या हे खरे आहे. मुले सगळीकडे चालत जात होती, हे मात्र खरे नाही. ती आईच्या कडेवर होती, आजोबांच्या खांद्यावर होती, जत्रेला निघालेल्या बैलगाडीत कडब्यावर अंथरलेल्या घोंगडीवर झोपलेली होती. चार वर्षांच्या मुलाचे वजन सरासरी सोळा किलो भरते. ते ओझे कोणी ना कोणी वाहिले, आणि बहुतेक वेळा बाईने वाहिले, कधी पोटात दुसरे मूल असतानाही. आज तेच ओझे चाकांवर गेले, तर त्यात मुलाचे काय बिघडले? तिची कंबर तेवढी वाचली.

लहान मूल किती चालू शकते, हे पाहायचे तर सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा, हा मुलांचा सण, आठवा. जाताना मूल आपला लाकडी नंदी स्वतः ओढते, कोणाला दोरीला हात लावू देत नाही. दोन-तीन तास गर्दीत उभे राहिल्यावर परतीच्या वाटेवर त्याला ना नंदी ओढवतो, ना स्वतःचे पाय. चार वर्षांच्या मुलाला धावण्याची हौस फार असते, पण सलग लांबवर चालण्याचा दम कमी असतो. त्याला दमलेले पाहून आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

तिसरा आक्षेप आरोग्याचा आणि तोच सर्वांत वजनदार. बसून बसून मुले सुस्त होतात. यातले अर्धे मला पूर्ण मान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटे तरी चांगली दमछाक करणारी असावीत, आणि बाबागाडीसारख्या साधनात त्याला एका वेळी तासाहून अधिक जखडून ठेवू नये, असे त्या सांगतात. नीट पाहा, इथे मर्यादा घातली आहे ती वेळेला. अमुक वय झाले की गाडी बंद, असे तिथे म्हटलेले नाही. सेवाग्रामच्या आवारात आदि निवासापासून बापू कुटीपर्यंत हुंदडलेले मूल परतताना वीस मिनिटे गाडीत बसले, तर या सूचनांचा कोणताही भंग होत नाही. उलट दिवसभर घरात मोबाइल हातात घेऊन बसलेले मूल गाडीत न बसताही त्या मोडत असते.

इथे एक प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांना विचारला पाहिजे. हाकेच्या अंतरावरच्या अंगणवाडीत मुलाला स्कूटरवर पुढे उभे करून सोडतात, तेव्हा हा शेरा का येत नाही? मूल तिथेही चालत नाही, शिवाय त्याच्या जिवाला धोका असतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आपल्या रस्त्यांवर तो किती पाळला जातो, हे रोज दिसते. मुलांच्या काळजीपोटी बोलायचेच असेल, तर आधी इथे बोलावे.

चौथी गोष्ट मात्र आक्षेप घेणाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. गाडीतले मूल निरोगी आहे, असे ते गृहीत धरतात. विदर्भात सिकलसेलचा आजार किती घरांत आहे, हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. अशा मुलाचे रक्त कमी असते, ते लवकर थकते, आणि अतिश्रम झाले किंवा अंगातले पाणी कमी झाले तर असह्य वेदना सुरू होऊ शकतात. वरून पाहणाऱ्याला ते चांगले धडधाकट वाटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तसाच मेंदूच्या पक्षाघाताचा आणि स्वमग्नतेचाही. त्या आईने प्रत्येक अनोळखी माणसाला मुलाची फाइल काढून दाखवायची काय? तिने शेऱ्यांना भिऊन मुलाला घेऊन बाहेर पडणेच सोडले, तर त्याचे पाप आपल्या माथी आहे.

आता गाडी कशी वापरावी, हेही सांगितले पाहिजे. निघताना मूल पायी आणि गाडी रिकामी असावी. बसायचे केव्हा आणि उतरायचे केव्हा, हे मुलाला ठरवू द्यावे. "उतरायचं आहे" म्हटले की पट्टा लगेच सोडावा. तासाभराने तर त्याने न म्हणताही उतरवावे. गाडीत बसल्यावर हातात मोबाइल देऊ नये. कापसाची वावरे, नदी, माणसे पाहायलाच त्याला बाहेर आणले आहे. गाडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा पाहावी. अनेक हलक्या गाड्या १५ किलोपर्यंतच्याच असतात, चार वर्षांच्या मुलाला त्या पुरत नाहीत. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी मुलाला बाहेर नेऊच नये. ना पायी, ना गाडीत. गाडीवर ओढणी टाकून आडोसा केला तर हवा कोंडते आणि आत अधिक उकडते, हेही ध्यानात ठेवावे.

आणि आपल्या नगरपालिकांना, पर्यटनस्थळांच्या व्यवस्थापकांना एक मागणी. जिथे बाबागाडी अडते तिथे चाकाची खुर्चीही अडते आणि म्हातारे पायही अडखळतात. दुकानांनी न गिळलेला सलग पदपथ आणि पायरीशेजारी एक उतार एवढे केले, तर मुले अधिक चालतील आणि गाड्या आपोआप कमी लागतील. चालण्याचे संस्कार हवे असतील, तर आधी चालायला वाट द्या.

गाडीतल्या मुलाचे वय मोजणे आता पुरे झाले. पुढच्या वेळी कोणी आई पायरीपाशी गाडी घेऊन अडलेली दिसली, तर शेरा मारू नका. पुढची चाके उचलायला हात लावा.