प्रमाणपत्र मिळाले, नोट्स तशाच



प्राध्यापकांच्या प्रशिक्षणांना हल्ली तोटा नाही. केंद्राच्या मालवीय मिशनखाली २०२३पासून देशभर त्यांचे ऑनलाइन वर्ग चालतात. तिथल्या आठ विषयांत समावेशक शिक्षण हा एक विषय आणि माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान हा दुसरा. माझा आक्षेप या दोन कप्प्यांनाच आहे. वर्गात हे दोन विषय वेगळे नसतात.

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर, कुठल्याही गावचे महाविद्यालय घ्या. नोट्स म्हणजे वहीच्या पानांचे फोटो, किंवा डीटीपीवाल्याकडून जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप करून आणलेली फाइल. ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की झाले 'डिजिटल अध्यापन'. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलमधले टॉकबॅक किंवा संगणकावरचे फुकट मिळणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मराठी वाचून दाखवते, पण अक्षरे युनिकोडमध्ये असतील तरच. फोटोपुढे ते मुके होते आणि जुन्या फाँटची फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा बडबडते. याच विद्यार्थ्याला परीक्षेत आपण लेखनिक देतो, तासामागे वीस मिनिटे जादा देतो. वर्षभर वाचायला काही दिलेच नसेल, तर तो त्या जादा मिनिटांत लिहिणार काय?

'आमच्याकडे असे विद्यार्थी आहेतच किती?' हे उत्तर स्टाफरूममध्ये हमखास मिळते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातले कितीतरी प्राध्यापकाला नजरेने दिसणारही नाहीत. शिवाय युनिकोडमधला धडा काही केबीचा असतो, फोटोंची पीडीएफ कित्येक एमबींची. तांड्यावर, जिथे रेंज येते-जाते, तिथल्या धडधाकट मुलीलाही यातली पहिलीच फाइल उतरवता येते.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची. ही प्रशिक्षणे पदोन्नतीला बांधलेली आहेत. ज्याला 'कॅस' या पदोन्नती योजनेचा पुढचा टप्पा गाठायचा आहे तो नोंदणी करतो, कॅमेरा बंद ठेवून उजळणी वर्ग पार पाडतो. (सगळेच असे नसतात, हे मान्य.) पण कित्येक विभागांचा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. त्यांना ना पदोन्नती, ना प्रशिक्षणासाठी पगारी रजा. शिकवायला वर्गावर गेले नाही तर त्या तासाचे मानधन बुडते. जे सर्वाधिक शिकवतात, तेच या प्रशिक्षणाच्या बाहेर राहतात, याचा विचार नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि संस्थाचालकांनी करायला हवा.

परभणीच्या कृषी विद्यापीठात ड्रोन आणि यंत्रमानवांच्या मदतीने होणाऱ्या शेतीचे धडे दिले जातात. त्याच गावात मराठी युनिकोड टाइप करायला शिकवणे अवघड नसावे. त्यासाठी महागडा स्मार्ट बोर्डही लागत नाही. संगणक प्रयोगशाळा, दोन-तीन दिवस आणि शिकवायला टॉकबॅक-एनव्हीडीएवर रोज काम करणारी एखादी दृष्टिहीन व्यक्ती पुरे. तासिकावाल्यांना त्या दिवसांचे मानधन द्यावे. आणि प्रमाणपत्र हजेरीवर देऊ नये: प्रत्येकाने आपल्याच एका धड्याच्या नोट्स स्क्रीन बंद करून मोबाइलकडून सर्वांसमोर वाचून घ्याव्यात, त्या नीट वाचल्या गेल्या तरच सही करावी.

– एक निवृत्त प्राध्यापक, परभणी